ऑपरेशन कोइमतूरला, गोळ्या विट्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या आरोग्य पुरवणीत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांवर पानभर मजकूर आला होता. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, किती किलो उतरले, साखरेच्या गोळ्या कशा सुटल्या. लेख चांगला होता, त्यात खोटं काही नव्हतं. औषधांबद्दल मात्र अगदी शेवटी एकच ओळ होती : 'शस्त्रक्रियेनंतर सर्व औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.' मी विट्यात 31 वर्षं मेडिकल चालवतो. पुरवणीची घडी घालून ती गल्ल्याखाली ठेवली आणि महिनाभर हे पत्र लिहू की नको, करत बसलो. शेवटी लिहितोय.

'डॉक्टरांच्या सल्ल्याने' ही गोष्ट आमच्या काउंटरवर कशी दिसते ते आधी सांगतो. संध्याकाळी सात वाजता दुकानासमोर दहा-बारा माणसं. एक म्हणतो, अंगदुखीच्या चार द्या. दुसरी म्हणते, कंबर धरलीय, मागल्या वेळची ती पिवळी द्या. तिसऱ्याच्या हातात रिकाम्या स्ट्रिपचा कापलेला तुकडा, त्यावर नावाची अर्धीच अक्षरं उरलेली. ती अर्धी अक्षरं वाचून पूर्ण गोळी ओळखणं यालाच आम्ही कसब समजतो. सुट्ट्या चार गोळ्या कात्रीनं कापायच्या, खाकी पाकिटात टाकायच्या, त्यावर पेननं एक उभी रेघ सकाळची, एक संध्याकाळची. झाला सल्ला. या दुखण्याच्या बहुतेक गोळ्या शेड्यूल एचमधल्या आहेत, चिठ्ठीशिवाय विकू नयेत असं स्ट्रिपच्या मागे छापलेलं असतं. मला ते पाठ आहे.

आता ज्यांच्यामुळे हे पत्र लिहितोय त्यांच्याबद्दल. नाव लिहीत नाही, वहिनी म्हणतो. त्यांचे यजमान माझे शाळेतले सोबती. आपल्या वाचकांपैकी खानापूर-आटपाडी भागातल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी : आमच्याकडची पुष्कळ घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. भट्टी एकीकडे, घर विट्यात. हे कुटुंब तीसेक वर्षं कोइमतूरला. दसऱ्याला, लग्नसराईला आणि सुट्टीत गावी. वहिनींची उंची पाच फूट एक इंच आणि वजन 112 किलो. साखर, रक्तदाब, थायरॉइड, गुडघे. 2023 च्या फेब्रुवारीत कोइमतूरला त्यांची बायपास झाली. हृदयाची नव्हे, जठराची. विट्यात मात्र कुणालाच सांगितलं नाही. 'लोक काय म्हणतील, खाऊन खाऊन पोट कापून घेतलं?' हे त्यांचंच वाक्य, नंतर मला सांगितलेलं.

सात आठवड्यांनी पुतण्याच्या लग्नासाठी सगळे विट्याला आले. वहिनी बऱ्याच उतरल्या होत्या. विचारणाऱ्यांना उत्तर ठरलेलं होतं, डाएट चालू आहे. दुसऱ्या दिवशी मोठा पुतण्या माझ्या दुकानात आला, हातात विट्याच्याच डॉक्टरांची जुनी चिठ्ठी. साखरेच्या दोन, मेटफॉर्मिन एसआर 1000 आणि ग्लिमेपिराइड 2, रक्तदाबाची लघवी जास्त करणारी जोडगोळी, थायरॉइड 75. 'काकूच्या गोळ्या तिकडंच राहिल्या, महिनाभराच्या द्या.' वर्षानुवर्षं तेच देत आलो होतो. दिल्या. बिल केलं, दहा टक्के सूट दिली.

घरी त्या पोरानं आणखी एक काम मन लावून केलं. कोइमतूरच्या कागदावर 'सुरुवातीचे काही आठवडे गोळ्या बारीक करून घ्याव्यात' असं होतं, तेवढं त्यानं लक्षात ठेवलं होतं. वेलदोडे कुटायच्या छोट्या खलबत्त्यात त्यानं सगळ्या गोळ्या एकत्र कुटल्या, एसआरसकट. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर असलेली गोळी कित्येक तास हळूहळू औषध सोडत राहील अशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात. न कुटता गिळली तरी बायपासवाल्याच्या बाबतीत भरवसा नाही, कारण आतड्याचा सुरुवातीचा भाग वळसा घालून टाळलेला असतो. गोळी पुरती विरघळायच्या आत पुढे निघून जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णांना साधी, लगेच विरघळणारी गोळी द्यायची आणि डोस नव्याने बांधायचा असतो.

पण त्या दिवशी खरा घात ग्लिमेपिराइडनं केला. बायपासनंतर वजन उतरायच्या आधीच साखर उतरायला लागते, काहींची तर दवाखान्यातून घरी जाईपर्यंत. वर वहिनींचं जेवण म्हणजे चार चमचे पातळ वरण. त्यावर साखर खाली ओढणारी जुनी गोळी. हळदीच्या दिवशी, मांडवात, त्यांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी कांदा आणायला धावलं. नशिबानं नवरीकडची एक मुलगी नर्स होती. तिनं मशीन लावलं, साखर 48. ग्लुकोजचं पाणी दिलं आणि माणूस भानावर आला.

संध्याकाळी मित्र कोइमतूरची फाइल घेऊन दुकानात आला, तेव्हा मला ऑपरेशनचं कळलं. तिसऱ्या पानावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं : ग्लिमेपिराइड बंद, लघवी जास्त करणारी गोळी बंद (पाणीच कमी पोटात जातंय, वरून ती गोळी म्हणजे रक्तदाब कोसळायचा), मेटफॉर्मिन साधी आणि कमी. सगळं बरोबर होतं हो. फक्त ते पान घरात कुणी वाचलं नव्हतं आणि ज्या दुकानातून गोळ्या येणार होत्या तिथे ते पोचलं नव्हतं.

इथवरची चूक मी वाटून घ्यायला तयार आहे. मला माहीत नव्हतं, त्यांनी लपवलं होतं, चिठ्ठी जुनी होती. पुढची मात्र माझी एकट्याची.

वर्षभरात वहिनी 71 किलोवर आल्या. धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी विट्यातच राहिल्या. पण वजन उतरलं म्हणून झिजलेला गुडघा काही परत मिळत नाही. जिना चढताना कळ यायची. 2024 च्या उन्हाळ्यात एकदा त्या दुकानात आल्या. 'भाऊजी, गुडघ्याची ती गोळी द्या की, पूर्वी द्यायचा ती.' मी ॲसिक्लोफिनॅक अधिक पॅरासिटामॉल दिली. दहाची स्ट्रिप. मग पंधरा दिवसांनी अजून एक. पोळ्याला एक, गणपतीत दोन. मला त्यांचं ऑपरेशन माहीत होतं, मी ती फाइल स्वतः वाचली होती. त्या फाइलच्या चौथ्या पानावर 'एनएसएआयडी आयुष्यभर टाळावीत' असं लिहिलेलं होतं हे मला आता दिसतं. एनएसएआयडी म्हणजे सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या गोळ्यांचं घराणं. तेव्हा मी तिसरं पान वाचून थांबलो होतो, कारण साखरेचं उत्तर तिसऱ्या पानावर मिळालं होतं.

ही कोणती औषधं? डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड. एटोरिकॉक्झिबसारखी 'पोटाला सौम्य' म्हणून दिली जाणारीही याच घरातली. गिऱ्हाइकाला यातलं एकही नाव ठाऊक नसतं, कारण स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं आणि घटक खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. ब्रँडच्या नावापुढे पी, एसपी, एमआर अशी शेपटं असली की समजावं, दोन-तीन औषधं एकत्र केलेली आहेत आणि त्यात यातलं एखादं असण्याची शक्यता दाट. पाळीच्या दुखण्याची म्हणून मुली जी गोळी नेतात त्यात बहुधा मेफेनॅमिक असतं. सर्दी-तापाच्या काही गोळ्यांतही यातलं काही ना काही सापडतं.

आता ही गोळी बायपासवाल्यालाच एवढी का बाधते ते माझ्या भाषेत सांगतो, सर्जन मंडळींनी सांभाळून घ्यावं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक लहानशी पिशवी तयार करतात, साधारण 30 मिलीची. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 10 मिलीचं मापाचं टोपण असतं ना, तशी तीन टोपणं. त्या पिशवीला लहान आतडं थेट शिवतात. जठराचं अस्तर आम्ल सोसायला बनलेलं असतं, आतड्याचं नसतं. शिवलेल्या सांध्यापाशी हे दोन शेजारी एकत्र येतात, आणि तिथेच अल्सर होतो. आपलं शरीर आम्लापासून बचाव म्हणून अस्तरावर एक चिकट थर राखतं, त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ लागतात. दुखण्याच्या गोळ्या नेमके तेच बनू देत नाहीत; वेदनाही त्यामुळेच थांबते आणि तो थरही त्यामुळेच जातो. जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनबद्दल हे 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डी.फार्म.ला हा प्रश्न मला आला होता, मी पूर्ण मार्क घेतले होते.

याच कारणानं आणखी एक गैरसमज घातक ठरतो. गोळी पोटाला चालत नाही म्हणून इंजेक्शन घ्यायचं. वहिनींनीही एकदा घेतलं, शेजारच्या गावच्या दवाखान्यात, कमरेत, डायक्लोचं. 'पोटात काही गेलंच नाही ना!' पण ते रक्तातून जाऊन तेच काम करतं. गुदद्वारातून द्यायची गोळी घेतली तरी तेच. बाहेरून लावायच्या मलमातून रक्तात फार थोडं जातं हे खरं, तरी तेही विचारूनच लावावं.

स्लीव्ह नावाची दुसरी शस्त्रक्रिया असते. तीत जठराचा बराचसा भाग काढून उभी नळी ठेवतात, आतड्याला नवा सांधा नसतो. तिथे हा धोका तेवढा नाही, तरीही बरेच सर्जन या गोळ्या टाळायलाच सांगतात. आपली शस्त्रक्रिया कोणती झाली हे निम्म्या लोकांना सांगता येत नाही असा माझा अनुभव. 'दुर्बिणीतून केलंय' एवढंच सांगतात. दुर्बिणीतून तर पित्ताशयही काढतात.

2024 च्या दसऱ्याच्या आधी, घटस्थापनेच्या सुमारास, वहिनींना शौचाला काळी होऊ लागली. डांबरासारखी. त्यांना वाटलं लोहाच्या गोळीनं होतंय. लोहाच्या गोळीनं शौचाचा रंग काळपट होतो हे मीच त्यांना वर्षभरापूर्वी सांगितलं होतं, घाबरू नये म्हणून. त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत. जुने लोक उपासानं आलेल्या अशक्तपणाला जे करतात ते सगळं केलं, खजूर, लिंबू सरबत. अष्टमीला पहाटे अंगणात रांगोळी काढताना उठल्या आणि पायरीवर कोसळल्या. मिरजेला नेलं. हिमोग्लोबिन 5.9. दुर्बीण घातली तर त्या सांध्यावर अल्सर, त्यातून रक्त झिरपतंय. तीन बाटल्या रक्त चढवलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या कोण देतं? वहिनी म्हणाल्या, घरात पडल्या होत्या जुन्या. हे मला मित्रानं सांगितलं, आणि हेही की त्यांनी त्याला बजावलं होतं, भाऊजींचं नाव काढू नका, त्यांचं दुकान आहे. दसऱ्याच्या दिवशी विट्यात पालख्यांची शर्यत असते, सगळं गाव रस्त्यावर. मी दुकान बंद ठेवून मिरजेत खुर्चीवर बसून होतो. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, 'मग आता गुडघ्याला काय घ्यायचं?'

त्याचं उत्तर : पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात. तिलाही दिवसाची मर्यादा असते, कितीही घेऊन चालत नाही, लिव्हरला बाधते. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर चिठ्ठीवर दुसरं लिहून देतील. व्यायाम, शेक, पट्टा. काउंटरवरून उत्तर एवढंच.

वहिनींचा अल्सर भरला. आम्ल कमी करणारी कॅप्सूल त्यांना उघडून आतले दाणे दह्यावर शिंपडून घ्यायला सांगितली होती, अख्खी गिळायची नाही. बायपासवाल्यांत उघडलेली कॅप्सूल अख्ख्या कॅप्सूलपेक्षा लवकर गुण देते. दाणे चावायचे मात्र नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा जागा साफ होती. कुणी हे वाचून लगेच कपाटातल्या सगळ्या कॅप्सूल उघडायला घेऊ नयेत. प्रत्येक कॅप्सूल उघडायची नसते.

यानंतर मी वहिनींच्या गोळ्यांचं वेळापत्रक बनवलं आणि ते बनवताना मला कळलं की मी 31 वर्षं गोळ्या विकल्या, पण त्या एकमेकींशी कशा भांडतात याकडे लक्ष दिलं नाही. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी. तिच्यानंतर चार तास कॅल्शियम नाही, लोह नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात दोन तासांचं अंतर, नाहीतर एकमेकांना आत जाऊ देत नाहीत. लोहावर चहा नाही. कॅल्शियम एका वेळी 500-600 मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हणजे दिवसातून दोनदा-तीनदा. आणि कॅल्शियम सायट्रेटच हवं, कार्बोनेट नको, कारण कार्बोनेटला विरघळायला आम्ल लागतं आणि त्या तीन टोपणांच्या पिशवीत ते असतं कितीसं. त्यात वरून आम्ल कमी करणारी कॅप्सूल चालू. आता माझी कबुली : सायट्रेट महाग पडतं म्हणून गिऱ्हाईक 'तेच आहे ना, स्वस्तातलं द्या' म्हणालं की मी कार्बोनेट काढून देत आलोय, कारण त्यावर स्कीम चांगली असते. बी-12 चं इंजेक्शनही लोक दोन-तीन वर्षांत सोडून देतात, 'आता बरं वाटतंय' म्हणून. हे कामच आयुष्यभराचं आहे. वहिनींचं वेळापत्रक मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लाल-निळ्या पेननं लिहिलं. ते त्यांच्या ओट्यावर पिठाच्या डब्याशेजारी चिकटवलेलं आहे, हळदीचे डाग पडलेत त्यावर.

बाकीचं पटकन सांगतो, कारण प्रत्येकावर वेगळं पत्र होईल. रक्त पातळ करायची वॉरफरिन, फिट्सच्या गोळ्या, मनाच्या आजाराच्या, विशेषतः लिथियम, यांचे डोस ऑपरेशननंतर जुनेच राहतील असं धरून चालू नये. रक्त तपासून ठरवावे लागतात. लिथियम तर अंगात साचून विषारी होऊ शकतं. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळीही त्या पिशवीला बोचते. खोकल्याचं औषध साखरेच्या पाकातलं असेल तर काहींना घाम, धडधड, जुलाब होतात. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांवर बायपासनंतर विसंबू नये. वजन उतरलं की दिवस राहण्याची शक्यता उलट वाढते आणि पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत असं डॉक्टर सांगतात. त्यामुळे दुसरा उपाय ठरवून घ्यावा. हे आम्ही काउंटरवर कुणाला सांगत नाही, पाकीट कागदात गुंडाळून देतो आणि दुसरीकडे बघतो. हृदयासाठी 75 ची ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी मात्र हे पत्र वाचून ती परस्पर बंद करू नये. ती ठेवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील.

एक गोष्ट मात्र घाईत सोडत नाही, सलाईन. आमच्या भागात अशक्तपणा आला की माणूस स्वतःच म्हणतो, एक बाटली लावा. ऑपरेशननंतरच्या महिन्यांत कुणाला सतत उलट्या होत असतील तर त्याच्या शरीरातलं बी-1 म्हणजे थायमिन संपत आलेलं असू शकतं. तशात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळे फिरतात, तोल जातो, माणूस भ्रमल्यासारखं करतो. आधी थायमिन द्यायचं, मग ग्लुकोज. गावातल्या दवाखान्यात 'माझं जठराचं बायपास झालंय' हे वाक्य सलाईनची सुई टोचायच्या आधी कुणीतरी बोललं पाहिजे.

आणि ते वाक्यच कुणी बोलत नाही. मिरजेहून परत आल्यावर मी दुकानात एक पाटी लावली. 'पोटाचं ऑपरेशन झालं असल्यास आधी सांगा.' पहिल्याच दिवशी चौघांनी सांगितलं : दोघांचं अपेंडिक्स, एकीचं सिझेरियन, एका आजोबांचं हर्निया. पाटी बदलली. 'वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं असल्यास.' मग आठ महिने कुणीच काही बोललं नाही. मग एक दिवस एका बाईंनी मोबाइलवर टाइप केलेलं मला दाखवलं, तोंडानं बोलल्या नाहीत, कारण मागे नणंद उभी होती. तेव्हापासून पाटीखाली मी लिहिलंय, 'बोलायचं नसेल तर चिठ्ठीवर बी अक्षर लिहून द्या.' आतापर्यंत पाच जणांनी दिलं. विट्यासारख्या गावात पाच. मला वाटलं होतं वहिनी एकट्याच असतील.

जाता जाता एक मनात राहिलेलं. जनावरांना देण्याच्या डायक्लोफिनॅकवर 2006 मध्ये बंदी आली, कारण मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जातात म्हणून 2015 मध्ये त्याही बंद झाल्या, 3 मिलीचीच कुपी ठेवायची असं ठरलं. माझ्या दुकानातल्या 30 मिलीच्या कुप्या मी होलसेलरकडे परत पाठवल्या होत्या. चांगलंच झालं, गिधाडं वाचायलाच हवीत. पण त्याच औषधाच्या स्ट्रिपवर 'जठराची बायपास झालेल्यांनी घेऊ नये' ही एक ओळ मराठीत छापायला काय हरकत आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

स्ट्रिपचं सरकार बघेल तेव्हा बघेल. शस्त्रक्रिया करणाऱ्या दवाखान्यांना मात्र हे आजच करता येईल. घरी सोडताना बारा पानी फाइलबरोबर एकच पान द्या, रुग्णाच्या भाषेत, ठळक अक्षरात. कोइमतूरला ऑपरेशन झालं असलं तरी रुग्ण मराठी आहे हे पहिल्या दिवशी केसपेपरवर नाव लिहितानाच कळतं. त्या पानावर कोणती शस्त्रक्रिया झाली ते, बंद केलेल्या जुन्या औषधांची नावं, आणि न चालणाऱ्या औषधांची घटकांची नावं, ब्रँडची नव्हे. वर 'हे पान औषधाच्या दुकानात दाखवा' असं लिहा. डॉक्टरला दाखवा असं नको. डॉक्टरकडे माणूस महिन्यातून एकदा जातो, माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येतो. घरच्यांनी त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि कपाटातल्या जुन्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. ऑपरेशनआधीची चिठ्ठी पुतण्याच्या हाती लागता कामा नये.

माझ्या धंद्यातल्या भावांना हे पत्र आवडणार नाही. तालुक्याच्या बैठकीत मी विषय काढला तेव्हा एकानं विचारलं, 'प्रत्येकाला विचारत बसू तर समोरचं दुकान गिऱ्हाईक नेईल, तुझं काय जातंय?' खरं आहे, नेतं. माझंही गेलं थोडं. फार्मसी प्रॅक्टिसच्या 2015 च्या नियमांत गिऱ्हाइकाशी औषधाबद्दल बोलणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तो कागद भिंतीवरच्या परवान्याशेजारी लावावा असं मी म्हणत नाही, पण दुखण्याची गोळी कापण्याआधी 'वजनाचं ऑपरेशन झालंय का' या प्रश्नाला कात्री उचलायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

पत्र लांबलं आहे. कापायचं असेल तर माझ्या दुकानाचं काहीही कापा, घटकांची नावं असलेला परिच्छेद तेवढा ठेवा. नाव छापू नये ही विनंती. माझ्यासाठी नव्हे, नाव छापलं तर विट्यात वहिनी कोण हे दुपारपर्यंत कळेल.

आपला,
एक औषधविक्रेता
विटा, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)

ता. क. : पत्र टाकण्याआधी वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'हळदीच्या दिवशी कांदा माझ्या चुलतसासूनं आणला होता, तेवढं बरं झालं लिहिलं नाहीत. पण दाताच्या डॉक्टरांचं राहिलं.' खरंच राहिलं. गेल्या महिन्यात त्यांची दाढ काढली. दाढ काढल्यावर बहुतेक ठिकाणी पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक देतात. छोटी, गोड, पाण्यात टाकली की विरते, त्यामुळे कुणाला ती 'दुखण्याची गोळी' वाटतच नाही. चिठ्ठी घेऊन वहिनी दुकानात आल्या आणि काउंटरवर ठेवायच्या आधीच बोट ठेवून म्हणाल्या, 'भाऊजी, ही त्यातलीच ना?' त्यातलीच होती. मी दाताच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी लगेच बदलून दिली आणि विचारलं, 'मला कसं कळणार होतं?' तेव्हा वरच्या पत्रात जिथे 'औषधाच्या दुकानात दाखवा' आहे, तिथे दाताच्या डॉक्टरांचंही नाव घालावं.